चौकटीबाहेरचा पळस

"पायाकडे पाह्य, लहान्या. मांगं पाहू नको."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी, कार्तिकातल्या एका भर दुपारी ऐकलेला हा आवाज. आवाज मोठा नव्हता. ओझ्याखाली दबलेला माणूस बोलतो तसा, अर्धा श्वासाचा अन् अर्धा मातीचा. आवाजाचा धनी, लहानूचा बाप देवाजी, मातीआड गेला त्यालाही बारा वर्षं झाली होती. पण नागपुरात, सदरच्या फुटपाथवर आपल्या पेटी-कॅमेऱ्याच्या काळ्या बाहीत लहानू मेश्राम हात घाली आणि आतल्या अंधारात कागद चाचपू लागे, तेव्हा तो आवाज कधीकधी त्या पेटीतूनच येई.

त्या बुधवारी तसंच झालं. समोर स्टुलावर एक कॉलेजचा पोरगा बसला होता. त्याच्या मागं लहानूचा पडदा टांगलेला : निळं तळं, तळ्याकाठी धान, धानामागं रामटेकचा डोंगर आणि त्यावर पांढरं देऊळ. स्टुलापासून पेटीपर्यंत पाच पावलं. ती जागा लहानूनं फुटपाथवर ऑइलपेंटनं आखूनच ठेवली होती. आतली कागदाची चौकट ज्या दांडीवर सरकते, त्या दांडीवरही त्याच अंतराची एक खूण होती. वीस वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकासाठी ती चौकट त्या खुणेवरून कधी हलली नव्हती.

"हलू नका. श्वास रोखा. एक, दोन..." त्यानं लेन्सवरचं झाकण परत बसवलं. "आता सोडा."

"झाला?"

"तुमचा झाला. माहा अजून व्हायचा हाये."

पोरगा हसला. लहानूनं आतल्या आत कागद औषधात बुडवला, बाहेर काढला, बादलीत धुतला. आधी उलटा फोटो आला, केस पांढरे, तोंड काळं. मग तो उलटा फोटो पेटीसमोरच्या फळीला चिकटवून त्यानं त्याचाच फोटो काढला, तेव्हा पोरगा पुन्हा माणसात आला. तो गेला तशी मागून कोणीतरी बोललं.

"माणसाची नाकं बरी काढतो गा तू. मायची माती काढता नाही आली तुले."

त्याची मोठी बहीण सिंधूताई. चिचटेकडीहून पहाटेच्या एस.टी.नं आली होती. तिनं पदराच्या गाठीतून एक फोटो काढून त्याच्या हातात दिला. तो लहानूनंच गेल्या रविवारी गावी जाऊन काढलेला होता. खाली थोडं गवत स्पष्ट, बाकी सगळं करडं, धुरकट. डोंगर तर नव्हताच. त्याच्या जागी कागदावर कोणी फुंकर घातल्यासारखं झालं होतं.

"साहेब काय म्हणाले?"

"नायब तहसीलदार म्हणाले, बाई, हे तं जिल्ह्यातलं कोणतंही वावर होऊ शकते. जागा ओळखू येईल असा फोटो आणा." तिनं पडद्याकडं बोट केलं. "ह्या कापडावरचा डोंगर ओळखू येते. अन् आपला, खरा, काहून येत नाही?"

लहानू हातातला फोटो उजेडाकडं धरून पाहू लागला.

"शनिवारी साहेब येऊन राहिले पंचनाम्याले. सोमवारपासून बाबाराव ते वावर विटभट्टीले खोदाले देऊन राहिला. कडेची माती तं उचललीच त्यानं. माय तिथं हाये, लहानू. बा तिथं हाये. माहा घरवाला तिथं हाये. सगळ्या वस्तीची मसणवट हाये ते. त्याच्या विटा होतीन अन् कोणाच्या तरी संडासाले लागतीन."

तिचा आवाज वाढला तसे शेजारचे दोन टायपिस्ट मशीनवरचे हात थांबवून बघू लागले.

"कागद त्याच्या नावानं हाये, ताई."

"कागद धुऱ्याच्या, शिवेवरच्या दगडावरून मोजतेत. दगड आपल्या बानं दाखवला होता. डोक्यावर ढेकूळ घेऊन, मातीची शपथ घेऊन शीव चालला होता तो." ती हे अभिमानानं म्हणाली. "मोजाले कुठं तरी चूक झाली असन. फोटो नीट निघाला, कबरी दिसल्या, तं साहेब पुन्हा मोजतीन."

लहानूनं पडद्याच्या दोऱ्या सोडायला सुरुवात केली. गाठी घट्ट होत्या.

*

शुक्रवारी दुपारी तो चिचटेकडीला उतरला. एका खांद्यावर पेटी, दुसऱ्यावर तिपाई, पिशवीत औषधाच्या बाटल्या. पडदा घरीच ठेवला होता.

गाव कन्हानच्या पुढं, मनसरच्या अलीकडं, सडकेपासून आत. नाल्याच्या वरच्या अंगाला वस्ती, खालच्या अंगाला मसणवट. फाल्गुन होता. धान कधीच निघालं होतं, बांध्यांत नुसते बुडखे उरले होते. नाल्याच्या काठाकाठानं पळस पेटले होते आणि त्यातला एक पळस मसणवटीच्या खालच्या कोपऱ्यात, नाल्यापासून दूर, बाकीच्या भाऊबंदांना सोडून एकटाच उभा होता. उत्तरेला आडवा निजलेला रामटेकचा डोंगर, त्याच्या डोक्यावर देवळाचा पांढरा ठिपका.

लहानूनं पेटी लावली. कागद आत सरकवला. झाकण काढलं, मोजलं, झाकण लावलं.

माणसाला हलू नको म्हणता येतं. हनुवटी वर घ्या, उजवीकडं बघा, थोडं हसा. जमिनीला काय सांगायचं? ती हलत नाही, पण थांबतही नाही. ढग आला की ती वेगळी, गेला की वेगळी. चेहऱ्याला नाक असतं, तिथून सुरुवात करावी. जमिनीचं नाक कुठं?

पहिला कागद तसाच करडा निघाला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आतली चौकट अजून फुटपाथच्याच खुणेवर होती. पाच पावलं. पाच पावलांवर बसलेल्या गिऱ्हाइकापलीकडं त्याच्या पेटीनं वीस वर्षांत काही पाहिलंच नव्हतं. त्यानं बाहीत हात घातला आणि चौकट दांडीवरून पुढं ढकलली. ती कुरकुरली, अडली, मग सरकली. मागच्या दुधी काचेवर उलटा डोंगर हळूहळू धुक्यातून बाहेर आला, तेव्हा लहानू तिथं वाकलेलाच राहिला. देवळाची पायरीसुद्धा मोजता आली असती.

दुसरा फोटो लख्ख निघाला. डोंगर, मातीचे उंचवटे, त्यांवर ठेवलेले दगड.

बादलीशी बसलेल्या सिंधूताईनं तो ओला फोटो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ पाहिला.

"लहानू, हा डोंगर तं पाच गावाहून असाच दिसते."

"मंग?"

"मंग ते झाड काहून सोडलं? एकटा पळस असा दुसऱ्या कोणत्या मसणवटीत हाये? झाड घे, म्हणजे आंधळा बी सांगन का हे चिचटेकडी होय."

"झाड चौकटीत बसत नाही."

"काहून नाही बसत? पेटी जराशी इकडं फिरव."

"ताई, तुले समजते का मले?"

त्यानं तिसरा कागद घातला. पेटी फिरवली, पण उलटीकडं. चौथ्यालाही तसंच केलं. चारही फोटो गवतावर वाळत पडले. चारही फोटोंत पळसाच्या आधी एक बोटभर जागा सोडून चौकट संपत होती. सिंधूताईनं ते ओळीनं मांडले, एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा झाडाकडं, आणि बादली उचलून पाणी आणायला निघाली. जाताजाता ती गुणगुणत होती. रोवण्याच्या वेळी त्यांची माय चिखलात वाकून म्हणायची ते गाणं.

*धुऱ्याच्या दगडा बाई, नको सोडू तुझी जागा*
*तुझ्या आसऱ्याले निजे माझ्या माहेराचा धागा*

त्या कार्तिकानंतर मायनं हे गाणं पुन्हा म्हटलं नव्हतं. ताईला वाटायचं, माय थकली म्हणून.

*

"काय फोटोवाले! आता माणसं सोडून ढेकळांचे फोटो काढून राहिले काय?"

बाबाराव. जुन्या मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा मुलगा. पन्नाशीचा, पांढरं धोतर, हातात विझलेली बिडी. एकटाच आला होता, चपला हातात धरून, कारण मसणवटीत चपला घालायच्या नाहीत हा जुना रिवाज तो पाळत होता.

"नमस्कार, बाबारावजी."

"बस, बस. मी काही भांडाले नाही आलो." तो एका उंचवट्याला वळसा घालून उभा राहिला. "तुझ्या बापाची आठवण येते मले. असा कोतवाल पुन्हा होणार नाही. शिवेवरचा एकेक दगड त्याच्या तोंडात. पन्नास साली मालगुजारी जाऊन राहिली होती, सरकारचा माणूस आला, तं देवाजी डोक्यावर ढेकूळ घेऊन दगडापासून दगडापर्यंत चालला. साऱ्या गावानं पाहिलं. आता त्याले खोटं कोण म्हणन?"

लहानू पेटीची तिपाई आवळत राहिला. आवळलेली होतीच.

"वस्तीतले लोक म्हणतीन का? विहारात फोटो लावला हाये त्याचा. तिथल्या दगडी पाटीवर नाव कोरलं हाये." बाबारावनं बिडी पेटवली. "पोरगा म्हणन का? पोरगा तं तवा तेरा वर्षांचा होता. अन् त्याच्या आठ दिवस आधी पोरगा कुठं होता? सारं गाव रामटेकच्या जत्रेले गेलं होतं. मी नव्हतो गेलो. मले ताप होता. मी माडीवर होतो."

वारा पडला होता. धूर सरळ वर गेला.

"म्हाताऱ्याचं नाव चांगलं हाये, लहानू. राहू दे. फोटो काढ, किती बी काढ. फोटोले कुठं तोंड असते?"

तो गेला. चपला त्यानं धुऱ्यापलीकडं जाऊन घातल्या.

धुऱ्यावर तो दगड होता. गुडघाभर उंच, एका बाजूनं चपटा. लहानूनं अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं.

*

संध्याकाळी सिंधूताईनं त्याला विहारात नेलं. तथागतांच्या मूर्तीच्या डाव्या हाताला, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, वस्तीतल्या चार थोरांचे फोटो होते. तिसरा देवाजीचा. छप्पन साली दीक्षा घ्यायला पांढऱ्या कपड्यात पायी नागपूरला गेलेला. लहानूनंच नंतर सदरच्या त्या स्टुलावर बसवून काढलेला फोटो. बापाच्या मागं निळं तळं, धान, डोंगर होता, सगळं रंगवलेलं. देवाजी त्या दिवशी म्हणाला होता, "हे चांगलं हाये. हे कोणी सरकवू नाही शकत." तेव्हा लहानू हसला होता.

"उद्या मी साहेबाले इथंच आणतो आधी," सिंधूताई म्हणाली. "बाचा फोटो दाखवतो. म्हणतो, साहेब, ह्या माणसाच्या इमानावर हे गाव उभं होतं."

"ताई, नको आणू."

"काहून?"

त्यानं ओठ उघडले. समोर बाप होता, ताठ, हात मांडीवर, डोळे थेट. फोटो काढताना लहानूनंच त्याला सांगितलं होतं ना, हलू नको.

"उशीर होईन साहेबाले," लहानू म्हणाला.

*

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास जीप आली. नायब तहसीलदार वामनराव डोक्याला रुमाल बांधलेले, घाईतले, पण कडवट नव्हते. बरोबर पटवारी, मोजणीची साखळी धरणारे दोघं. बाबाराव आधीच येऊन छत्री उघडून उभा होता. वस्ती सगळी जमली होती, बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. लहानूनं पेटी लावली होती, पण कागद आत घातला नव्हता.

"फोटो आहेत काय?" साहेबांनी विचारलं.

सिंधूताईनं कालचे चार पुढं केले. वामनरावांनी ते पत्त्यांसारखे धरले.

"आता चांगले आले. कबरी दिसतात. पण बाई, मसणवट आहे हे मलाही दिसतं. ती कोणाच्या सर्व्हे नंबरात येते हा प्रश्न आहे." ते पटवाऱ्याकडं वळले. "मोजा."

साखळी दगडापासून निघाली. नाल्याकाठचे बाकीचे दगड पुरात केव्हाच वाहून गेले होते. हा एकच उरला होता, त्यामुळं सगळं मोजमाप त्याच्यापासून. साखळी गवतातून सरसरत गेली, मायच्या उंचवट्यावरून गेली, ताईच्या नवऱ्याच्या उंचवट्यावरून गेली. प्रत्येक वेळी ती ताणली की एक बारीक आवाज होई. बायांमधून कोणीतरी हुंदका गिळला.

पटवाऱ्यानं नकाशा गुंडाळला. "बाबारावजींच्याच नंबरात येते साहेब. सगळी."

"पुन्हा मोजा नं, साहेब," सिंधूताई पुढं आली. "कुठं तरी चुकलं असन."

"बाई, दगड चुकत नाही."

"दगड माह्या बापानं दाखवला होता!" ती ओरडली. "देवाजी कोतवालानं! तो कसा चुकन? मोजणारे चुकले असतीन!"

"तेच तं मी म्हणतो," बाबाराव शांतपणे म्हणाला. "देवाजी चुकणारा माणूस नव्हता."

सिंधूताईनं वळून भावाकडं पाहिलं.

लहानू पेटीमागं गेला. त्यानं तिपाई उचलली, दहा पावलं डावीकडं नेली आणि पेटी फिरवली. काळ्या कापडाखाली डोकं घातलं. दुधी काचेवर सगळी दुनिया उलटी टांगली होती : वर माती, खाली आभाळ, मधे डोंगर. उजव्या कडेला धुऱ्यावरचा दगड. डाव्या कडेला पळस. दोघांच्या मधे मसणवट. तिघं मिळून चौकटीत अगदी बसले, जणू चौकट त्यांच्याच मापाची घडवली होती.

"अरे, आता फोटो कशाला?" वामनराव घड्याळ पाहत म्हणाले.

"दोन मिनिटं, साहेब."

त्यानं झाकण काढलं. एक. दोन. तीन. झाकण लावलं. हात बाहीत. औषध, पाणी, दुसरं औषध. उलटा कागद फळीला लावला, पुन्हा झाकण, पुन्हा बाही. माणसं कंटाळून चुळबुळू लागली. बाबारावनं छत्री मिटली. त्याचं लक्ष पेटीकडं नव्हतं, लहानूच्या तोंडाकडं होतं.

बादलीतून फोटो वर आला. पाणी गळत होतं. पळस काळाकुट्ट आला होता, फुलांसकट. या कागदाला लाल दिसत नाही, लाल लुगडं काळं येतं, कुंकू काळं येतं, हे लहानूला फुटपाथवर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तरी तो त्या झाडाकडं पाहत राहिला. फांदी न् फांदी कोळशाची.

त्यानं फोटो साहेबांच्या हातात दिला.

"हे काय? झाड?" वामनराव म्हणाले. "जागा ओळखू येते खरी. पण यानं काय सिद्ध होतं?"

"यानं काही नाही होत, साहेब."

"लहानू," बाबाराव हळूच म्हणाला. "म्हाताऱ्याचा विचार कर."

लहानूनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती काठीसारखी उभी होती, ओठ घट्ट, अजून बापाच्या बाजूनं भांडायला तयार.

"ताई," तो म्हणाला, "तू त्या पळसाले, तो रोपटं होता तवा, उन्हाळ्यात पाणी घाले नं? बा तुले सांगे, एवढं झाड जगव म्हणून. काहून, ते तुवा कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही."

"काय सांगितलं नाही?"

मागून तो आवाज आला, ओझ्याखालचा. या वेळी लहानूनं मागं वळून पाहिलं. धुऱ्यावर दगड होता, बस.

"साहेब, लिहून घ्या. माह्यं नाव लहानू देवाजी मेश्राम. त्या दगडाची ही जागा नाही. पन्नास साली कार्तिकात, सारं गाव जत्रेले गेलं तवा, मालगुजाराच्या हुकमानं माह्या बापानं तो दगड उपटला. बांबूले दोरानं बांधला. पुढचं टोक माह्या खांद्यावर होतं. बा म्हणे मांगं पाहू नको, म्हणून मी पावलं मोजली. साठ होती. मंग आठ दिवसांनी डोक्यावर ढेकूळ घेऊन तो खोटा चालला अन् जन्मभर त्या ढेकळाखाली राहिला. पुढच्या मिरगात त्यानं दगडाच्या मोकळ्या भोकात पळस लावला, जागा हरपू नये म्हणून. शिवेच्या दगडाखाली जुने लोक कोळसा पुरत, साहेब, कोळसा कुजत नाही. या दगडाखाली खणा, काही निघणार नाही. त्या झाडाच्या बुडाशी खणा, खरी शीव तिथं हाये. ताई, मले मार पाहिजे तं. पण दगड आम्हीच नेला वं. बानं अन् मी."